नसल्याची साक्ष

लाखनी
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय मोठेबाबा,
सा. न.

तुमचे कान गेल्यापासून फोनवर तुमच्याशी बोलून काही उपयोग राहिला नाही. परवा मी एवढं सगळं सांगितलं आणि शेवटी तुम्ही म्हणालात, "हो, इकडेही थंडी पडली." म्हणून पत्र लिहून राहिली.

काम असं आहे. बाबा गेले त्याला येत्या फेब्रुवारीत आठ वर्षं होतील. दिघोरीच्या बाजाराला कापडाचे गठ्ठे घेऊन निघाले, गाडी साकोलीच्या स्टँडवर सापडली, हँडल लॉक केलेली, गठ्ठे तसेच बांधलेले. त्यानंतर काही नाही. वकिलांसाठी हे इतक्यांदा लिहून दिलं की तुम्हालाही तसंच लिहून गेली. तुमचा तर तो भाऊच आहे.

वकील म्हणाले, सात वर्षं माणसाची खबर नसली तर कोर्ट त्याला मेलेला धरतं. पण साक्ष अशा लोकांची लागते, ज्यांना तो जिवंत असता तर खबर लागलीच असती. म्हणजे आई, मी आणि तुम्ही. आमच्या सह्या झाल्या. तुमचा कागद सोबत पाठवते. दोनच ओळी आहेत.

घर बाबांच्या नावावर आहे आणि कोणतंच काम पुढे सरकत नाही. प्रत्येक खिडकीवर विचारतात, ते कुठे आहेत? आई आता माझ्याकडे बघते. ती थकली आहे, मोठेबाबा. दिवसभर ब्लाउज शिवते, रात्री भाकरी टाकता टाकता उभ्याउभ्या डोळे मिटते. मी लॅबमधून आली की तिला हलवून जागी करते.

मोठीआईला नमस्कार. सही करून लवकर पाठवा.

तुमची,
तेजस्विनी


भंडारा
२० नोव्हेंबर २०२४

चि. तेजस्विनी,
अनेक आशीर्वाद.

सही केलेली नाही. रागावण्याआधी पूर्ण वाच.

मी कॉलेजात जन्मभर एकच गोष्ट शिकवली. माणसाला जे कळतं ते कशानं कळतं? डोळ्यांनी दिसतं ते प्रत्यक्ष. धूर दिसला की विस्तव आहे असं आपण म्हणतो, ते अनुमान. विश्वासाच्या माणसानं सांगितलं ते शब्द. आणि शेवटी एक प्रकरण असायचं, परीक्षेला कधी न येणारं. अनुपलब्धी. टेबलावर घडा नाही, हे मला कशानं कळतं? डोळ्यांना टेबल दिसतं. 'नाही' कुठे दिसतं? काही पंडित म्हणत, तेही डोळ्यांनीच कळतं. मीमांसक म्हणत, तसं नव्हे. न दिसणं हेच ज्ञानाचं एक वेगळं साधन आहे. पण त्यांनी एक अट घातली. घडा असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. अंधारात चाचपून घडा हाती लागला नाही, म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही.

मुलं जांभया देत. शेवटच्या वर्षी वर्गात दोघं होती, त्यातला एक झोपायला यायचा. मी निवृत्त झालो आणि कॉलेजानं विषयच बंद केला. मला वाईटही वाटलं नाही, इतका मी कंटाळलो होतो. तुझ्या वकिलाचं वाक्य वाचलं आणि दचकलो. ज्यांना खबर लागलीच असती. तीच अट, शब्दाला शब्द.

मग मी स्वतःला विचारलं, राजकुमार जिवंत असता तर मला खबर लागलीच असती का? आम्ही एका हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून वाढलो. पण त्यानं मला उभ्या जन्मात कधी स्वतःहून फोन केला नाही. आपण शोधलं कुठे? भंडारा, गोंदिया, नागपूर आणि रायपूरचे दवाखाने. देश केवढा आहे!

घर विकायचं मनात असेल तर तसं मोकळेपणी सांग. दुसरा काही मार्ग काढू. भावाला कागदावर मारून घर मोकळं करायचं, हे माझ्यानं होणार नाही.

तुझा,
मोठेबाबा


लाखनी
२ डिसेंबर २०२४

मोठेबाबा,

तुमचं पत्र मी आईपासून लपवलं. "घर मोकळं करायचं" हे तिनं वाचलं असतं तर ती उठून मशीनवर जाऊन बसली असती.

घराचं कारण खोटं होतं. मला लिहायला लाज वाटली म्हणून ते लिहिलं. आईला लग्न करायचं आहे.

परसरामकाका तुम्हाला आठवत असतील. आमच्या दुकानाला लागून त्यांचं बियाण्याचं दुकान. त्यांची बायको वारली त्याला बरेच दिवस झाले. आईला मलेरिया झाला तेव्हा दोन्ही दुकानांची शटरं तेच उघडत होते आणि तेच पाडत होते. दसऱ्याला ते घरी आले, खुर्चीच्या काठावर बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटा, तुले आधी विचारतो. तुह्या आईले मागून विचारीन."

मी आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मले कोणी काही विचारून किती वर्षं झाले वं?" आणि रडायला लागली. आठ वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

आता तुमच्या घड्याबद्दल. घडा टेबल सोडून स्वतः निघून जात नाही, मोठेबाबा. कोणी शोधेल म्हणून तोंड लपवत नाही. बाबांनी गाडी लॉक केली होती. ज्या माणसाला सापडायचंच नाही, त्याला तुमची अट कशी लावायची? तो जिथे असेल तिथे अंधारच असणार. मग आईनं जन्मभर हातात दिवा घेऊन उभं राहायचं काय?

आम्ही लॅबमध्ये रिपोर्टवर 'नाही' असं कधी लिहीत नाही, 'आढळले नाही' असं लिहितो. तुमचं म्हणणं मला समजत नाही असं नाही. पण डॉक्टर त्या कागदावर औषध देतात. पेशंटला सात वर्षं बसवून ठेवत नाहीत.

तेजस्विनी


भंडारा
१४ डिसेंबर २०२४

चि. तेजस्विनी,

तुझं पत्र तुझ्या मोठीआईनं माझ्या हातून घेऊन वाचलं. चष्मा काढून म्हणाली, "एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे अन् तुम्ही मडके मोजून राहिले. करा सही." मी तुझा कागद कपाटातून काढला. परसरामला मी ओळखतो. भला माणूस आहे. तुझ्या आईला, रिताला, एवढं तरी मिळावं, असं मलाही मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी नोटरीकडे जायला निघालो तर दारात भैय्यालाल उभा. एकोडीचा, ट्रक चालवतो, राजकुमारच्या बरोबरीचा. लहानपणी आमच्याच अंगणात पडून असायचा. तू सह्या गोळा करते आहेस हे त्याच्या कानावर गेलं होतं. खाली बसला, पाणी प्याला आणि माझ्या चांगल्या कानाशी येऊन ओरडून म्हणाला, "दादा, सही नोका करू. म्या राजूले पायलं."

छत्तीसगडात रायगडच्या पुढे एक राईस मिल आहे. तिथे तांदूळ भरायला गेला असताना काट्यावर पोत्यांचं वजन करणारा माणूस त्याला दिसला. यानं "राजू!" म्हणून हाक मारली. माणसानं मान वळवली, मग आत निघून गेला.

भैय्यालाल खोटं बोलणारा नाही. दारू पीत नाही. यात त्याचा काही फायदा नाही. विश्वासाचा माणूस म्हणजे कोण, हे मी मुलांना सांगायचो, तो असाच. आता सांग, मी कशी सही करू? "मला काही खबर नाही" असं मी परवापर्यंत लिहू शकलो असतो.

मी त्याच्याबरोबर जाऊन येतो. आईला यातलं काही बोलू नकोस. विनाकारण तिच्या मनात काही उठायला नको.

मोठेबाबा


लाखनी
१९ जानेवारी २०२५

मोठेबाबा,

महिना झाला. मोठीआईला फोन केला तर म्हणाली, आले, तापानं पडून आहेत, काही बोलत नाहीत.

आईला सांगितलं नाही. पण आता मला तिच्यासमोर बसून जेवता येत नाही. ती विचारते, "काहून गं, चेहरा असा काहून करून राहिली?" काल परसरामकाका विचारत होते, कागद आला काय. मी म्हटलं, पोस्टात अडकला असेल.

मी स्वतःची सही केली तेव्हा मला खरंच काही माहीत नव्हतं. आता माहीत आहे की नाही, तेही मला माहीत नाही. ते बाबा होते काय? एवढं एक लिहा.

तेजस्विनी


भंडारा
२७ जानेवारी २०२५

चि. तेजस्विनी,

ताप उतरला. पडून लिहितो आहे, अक्षर समजून घे.

ते तुझे बाबा होते की नाही, मला माहीत नाही. दोन हातांवरून त्या माणसाला पाहून आलो आणि मला माहीत नाही. घडलं ते सांगतो.

ट्रकमध्ये बसून हाडं खिळखिळी झाली. मिलमध्ये पोचलो तेव्हा मशिनी सुरू होत्या. मी कानात यंत्र घातलं तर डोक्यात नुसती घरघर. म्हणून काढून खिशात ठेवलं. तो माणूस काट्याजवळ उभा होता. दाढी पांढरी, अंग वाळलेलं, डोक्याला गमछा. सगळे त्याला कमलेश म्हणतात, असं भैय्यालालला समजलं. मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. वाटलं, हाच. लगेच वाटलं, हा नाही. राजकुमारचा चेहरा आठवायला गेलो तर मला तुमच्या घरातला फोटो आठवत होता, माणूस आठवेना. राजकुमारच्या भुवईवर मागाचा धोटा लागून झालेला एक वण होता. या माणसाच्या डाव्या भुवईवर काहीतरी होतं, वण असेल, सुरकुती असेल. आणि राजकुमारचा वण डावीकडे होता की उजवीकडे, हे मला सांगता येईना. ज्या दिवशी लागलं त्या दिवशी मीच त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेलो होतो.

आवाज ऐकला असता तर एका शब्दात ओळखलं असतं. सख्ख्या भावाचा आवाज! पण माझ्यासमोर फक्त त्याचे ओठ हलत होते. भैय्यालाल माझ्या तळहातावर बोटानं अक्षरं काढून सांगत होता. तो माणूस म्हणाला, मी छत्तीसगडचाच, भंडारा कधी पाहिलेला नाही. मी भैय्यालालला विचारलं, "आवाज त्याचा आहे का?" तो रडकुंडीला आला. माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "दादा, दुरून तोच होता. जवळून नाही समजून राहिलं." त्यानं मोबाइल काढला तर माणसानं हात आडवा केला आणि तोंड फिरवलं. फोटो नको.

तू लॅबमध्ये काम करतेस, तू म्हणशील एखादा केस आणायचा होता. माझ्या मनात आलं होतं. पण एक माणूस तोंडावर सांगतो की मी तो नाही, आणि आपण त्याच्या अंगावरचं चोरून न्यायचं? ते माझ्यानं झालं नाही.

त्यानं आम्हाला चहा पाजला. निघताना मी त्याला आपल्या बोलीत म्हटलं, जोरात, मला माझाच आवाज कळत नव्हता, "तू माहा भाऊ असशील तर आयक. रिता दुसरं लग्न करून राहिली. तुही काही हरकत आहे का?"

त्यानं काट्यावरचं पोतं उतरवून बाजूला ठेवलं. मग काहीतरी बोलला आणि वाकून माझ्या पाया पडला. बाहेर आल्यावर भैय्यालालनं सांगितलं. तो म्हणाला होता, "बाबूजी, जो चला गया, सो चला गया। घरवालों को जीने दो।"

परतीच्या वाटेवर मी हेच वाक्य घोळवत होतो. भाऊ असता तर हेच बोलला असता. अनोळखी भला माणूस असता तर त्यानंही हेच सांगितलं असतं. पाया तर तिकडे म्हाताऱ्याच्या कोणीही पडतो.

आता कागदाचं. मला काही खबर नाही, हे आता मला लिहिता येत नाही. खबर आहे, असंही लिहिता येत नाही. आणि मी तुला लिहून तुझीही सही अडचणीत आणली. न कळण्यात तुम्हा दोघींना थोडी मोकळीक होती, ती मी जाऊन घालवली. हाती काही आणलं नाही. फार थकलो आहे, पोरी. आता तू सांगशील ते करतो.

मोठेबाबा


लाखनी
९ फेब्रुवारी २०२५

मोठे भाऊजी,
नमस्कार.

तेजूनं काल सगळे पत्रं माह्यासमोर ठेवले. म्हणाली, आई, माह्यानं आता नाही होत. मी सारे वाचले. मले लिवाची सवय नाही, चुकलं तर माफ करजा.

पहिलं मले राग आला. तुमी दोघायनं मिळून माह्या नवऱ्याची गोठ माह्यापासून लपवली. मी काय काचेची होय? आठ वर्षं मी हे घर वढलं.

भाऊजी, तो जिता आहे का मेला, हे मले नाही माहीत. तुमालेबी नाही माहीत, रायगडले जाऊन आले तरी. तो माह्या घरात नाही, हे मले माहीत आहे. रोज सकाळी उठून मी हे पायलं. त्याच्यासाठी मले कोणाची साक्ष नाही पायजे.

त्याले मेला म्हणा, असं मी काहून म्हणत होती ते सांगतो. मेलेल्याची बायको असली तर लोक हळहळतात. सोडून दिलेली असली तर विचारतात, हिच्यात काय खोट होती? तेजूच्या लग्नात हेच विचारतीन. म्हणून मले वाटे, मेलेलाच बरा. त्याचं वाईट नव्हती चिंतत. आपल्या तोंडावरून पदर घेऊन राहिली होती, बस.

आता नाही घेत. मी वकिलाले भेटली. म्हटलं, तो मेला असं नोका लिवू. तो मले सोडून गेला, असं लिवा. वकील म्हणे, त्याच्यावर फारकत मिळते, पण टाइम लागंल, पेपरात नोटीस द्या लागंल, लोक वाचतीन. म्हटलं, वाचू द्या. अन् एक नोटीस त्या मिलच्या पत्त्यावरबी पाठवा. तो असंल तर त्याले समजू द्या. नसंल तर वापस येईल.

परसरामजीले सांगितलं. ते म्हणाले, "थांबू. घाई कायची आहे?"

तुमी फक्त कोर्टात या. खोटं बोला लागणार नाही. घरी ताराबाईले म्हणा, तुमाले सोडू नोका असे ट्रकात बसून जाले. तब्येत जपजा.

रिता


भंडारा
२१ सप्टेंबर २०२५

चि. तेजस्विनी,
अनेक आशीर्वाद.

परवा कोर्टातून निघालो तेव्हा तू झेरॉक्स काढायला गेली होतीस, म्हणून नीट निरोप घेता आला नाही. मोठीआईनं गाडीत बसण्याची घाई केली.

साक्षीत मी काय बोललो, हे तू मागच्या बाकावरून ऐकलंस. तरी लिहितो. वकिलांनी प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून आणले होते, ते बरं केलं. मिलची नोटीस "इस नाम का कोई व्यक्ति नहीं" असा शेरा घेऊन परत आली, ते पाकीट साहेबांनी उलटसुलट करून पाहिलं. मग मला विचारलं, तुमचा भाऊ हरवला की सोडून गेला? मी म्हणालो, सोडून गेला. एका दमात म्हणालो. वर्गात कोणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला दहा प्रश्न विचारून रडवलं असतं. कशावरून? दुसरी शक्यता तपासलीस का? पण तिथे रिता समोर बसली होती, आठ वर्षांची थकलेली, आणि तिला हे ऐकायचं होतं असं नाही, तिनं ते केव्हाच स्वीकारलं होतं. फक्त आमच्या घरातल्या कोणीतरी ते तोंडानं म्हणायचं राहिलं होतं.

आता साक्षीखाली सही झाली, निकालही त्याच दिवशी लागला. अपिलाची मुदत संपल्यानंतरचा मुहूर्त काढला आहे असं परसरामनं मला हातवारे करून सांगितलं. मी येईन. तुझी मोठीआई आत्तापासून लुगडं काढून ठेवते आहे.

एक गोष्ट तुला सांगायची आहे. तुझ्या आईला मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

तू झेरॉक्सला गेलीस, परसराम गाडी आणायला गेला, आणि पायऱ्यांवर आम्ही दोघंच राहिलो. मी खिशातून यंत्र काढून कानात घातलं. तिथे गर्दी नव्हती, ऐकू येत होतं. रिता माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊजी, एक विचारू?"

मी म्हटलं, "विचार."

"त्या मिलमधी. तब्येत कशी होती त्याची?"

मी तिला म्हणू शकलो असतो, तो राजकुमार होता असं मी म्हटलेलंच नाही. मला अजूनही माहीत नाही, आणि आता कधी कळेल असं वाटत नाही. ती कोणाबद्दल विचारते आहे, हे तिलाही माहीत होतं का, देव जाणे.

मी म्हणालो, "बरी होती. थोडा वाळला आहे. केस पांढरे झाले."

"खाऊनपिऊन आहे ना?"

"आहे. लोक मान देतात तिथे त्याला."

तिनं मान हलवली, पदर खोचला, आणि परसरामची गाडी आली होती तिकडे पायऱ्या उतरत गेली.

तुझा,
मोठेबाबा